मूल कुणाचं – आईबापाचं की सरकारचं?

शेजारच्या घरात लेकराला रोज मार बसतो, पोटभर खायला मिळत नाही, हे आपल्याला कळतं. पण ‘त्यांच्या घरचा मामला, आपण कशाला मध्ये पडायचं?’ म्हणून आपण गप्प बसतो. आता दुसरी बाजू बघा. उद्या एखादा सरकारी माणूस आपल्याच दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘बाई, तुम्हाला मूल नीट सांभाळता येत नाही, आम्ही घेऊन जातो,’ तर? नुसत्या कल्पनेनं पोटात गोळा येतो!

मैत्रिणींनो, या दोन्ही गोष्टींचा एकाच वेळी विचार करून मत द्यायची पाळी आयर्लंडमधल्या बायकांवर आली होती. तारीख होती १० नोव्हेंबर २०१२, वार शनिवार.

आयर्लंड म्हणजे इंग्लंडच्या शेजारचा, तेव्हा सुमारे ४६ लाख वस्तीचा देश. आपला त्याच्याशी एक जुना धागा आहे. आपल्या राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं ही कल्पना आयर्लंडच्या घटनेवरून घेतलेली. फरक एवढाच की आपल्याकडे घटना बदलायची तर संसदेत मतदान होतं. तिथे मात्र प्रत्येक बदलावर सामान्य मतदाराचा कौल घ्यावाच लागतो. म्हणजे भाजी चिरता चिरता ‘हो म्हणू की नाही?’ याचा विचार घरोघरच्या बाईला करावा लागतो.

कुटुंबाला मोठा मान

ही घटना १९३७ सालची. तिच्यात कुटुंबाला फार मोठं स्थान दिलेलं आहे, आणि कुटुंब म्हणजे लग्नाच्या पायावर उभं राहिलेलं. आईबापांचे हक्क सरकारच्याही आधीचे, असा तिचा रोख. (घर सांभाळणाऱ्या आईचा खास उल्लेखही तिच्यात आहे, तो बदलण्याचा प्रस्ताव मतदारांनी २०२४ मध्ये फेटाळला.) उंबरठ्याच्या आत सरकारनं पाऊल टाकायचं ते अगदी नाइलाज झाल्यावरच.

किती नाइलाज? एक उदाहरण घ्या. तिथे नवजात बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब तपासतात. काही दुर्मीळ आजार त्यावरून वेळीच कळतात. एका जोडप्यानं बाळाला टोचायला नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तपासणी बाळाच्या भल्याची आहे हे खरं, पण आईबापांवर सक्ती करता येणार नाही, असा २००१ मध्ये निकाल लागला.

इथपर्यंत कुणी म्हणेल, ठीक आहे, आईबापच ते, लेकराचं वाईट कशाला चिंततील? पण सगळ्याच घरांत तसं नव्हतं.

दोन वेळा तोच प्रश्न

किलकेनी भागात एका बापानं आपल्याच मुलीवर वर्षानुवर्षं अत्याचार केले. ती कितीदा तरी दवाखान्यात आली, सरकारी कर्मचाऱ्यांशी तिची गाठ पडली, तरी तिची सुटका झाली नाही. चौकशी समितीच्या अध्यक्ष होत्या कॅथरिन मॅकगिनेस. १९९३ च्या अहवालात त्यांनी सुचवलं, की मुलांचे हक्क घटनेत स्पष्ट लिहिण्याचा विचार करा.

पुढे याच बाई सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या आणि २००६ मध्ये तोच प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. एका अविवाहित जोडप्यानं आपली तान्ही मुलगी दत्तक देण्यासाठी एका कुटुंबाकडे सोपवली होती. नंतर आईचं मन पालटलं. दत्तकविधान पुरं व्हायच्या आत दोघांनी लग्न केलं. लग्न झाल्याबरोबर घटनेच्या दृष्टीनं ते ‘कुटुंब’ झाले! मुलगी तर दोन वर्षं दुसऱ्या घरी वाढलेली, तिथल्यांनाच आईबाबा मानणारी. न्यायालयानं तिला जन्मदात्यांकडे द्यायला सांगितलं. मॅकगिनेसबाईंनीही त्याच बाजूनं निकाल दिला, पण नाखुशीनं. एवढ्या मोठ्या दाव्यात सगळ्यांचे वकील होते, फक्त त्या लेकराच्या वतीनं बोलणारं स्वतंत्र कुणी नव्हतं, ही गोष्ट त्यांनी निकालात नोंदवून ठेवली.

आता या गोष्टीत चूक कुणाची? पोटची पोर परत मागणाऱ्या आईची? दोन वर्षं जीव लावणाऱ्या दुसऱ्या आईची? दोघींच्याही डोळ्यांत पाणी. म्हणूनच हा प्रश्न सोपा नाही.

मग बदल काय होता?

नव्या कलमात मुख्य गोष्टी चार. मुलांना स्वतःचे हक्क आहेत हे मान्य करायचं. आईबाप कर्तव्यात इतके कमी पडले की मुलाची सुरक्षितता धोक्यात यावी, तर अपवादात्मक परिस्थितीत सरकारनं मध्ये पडायचं, तेही बेतानं. मग आईबापांचं लग्न झालेलं असो वा नसो. ताबा, दत्तक अशा खटल्यांत मुलाचं हित सर्वांत वर धरायचं. आणि मूल कळत्या वयाचं असेल तर त्याचंही म्हणणं ऐकायचं.

जरा बारकाईनं बघा. ‘आईबाप वाईट आहेत का?’ या प्रश्नाच्या जागी ‘लेकराला इजा होते आहे का?’ हा प्रश्न आला. सगळा बदल खरं तर एवढाच.

‘नाही’ म्हणणाऱ्यांचं काय?

सगळे मोठे पक्ष ‘हो’च्या बाजूनं होते. पण विरोध करणाऱ्यांची भीतीही पोकळ नव्हती. ते म्हणत, अपवादात्मक म्हणजे काय, हे ठरवणार कोण? शेवटी सरकारी अधिकारीच ना! आणि सरकारनं आजवर पोरांना कसं सांभाळलं? २००९ मध्ये आलेल्या मोठ्या चौकशी अहवालानं दाखवलंच होतं, की गरिबाघरची हजारो मुलं न्यायालयाच्या हुकमानं ज्या धार्मिक संस्थांच्या शाळांत पाठवली गेली, तिथे त्यांना मार, उपासमार आणि त्याहून वाईट गोष्टी सोसाव्या लागल्या. घरातून काढून नेलेलं मूल सुखातच पडतं, असं थोडंच आहे?

त्यातच मतदानाला दोन दिवस असताना सर्वोच्च न्यायालयानं सरकारलाच फटकारलं. जनतेच्या पैशातून काढलेली माहितीपुस्तिका निःपक्षपाती नव्हती, असं न्यायालय म्हणालं. सासूनं न्याय करायला बसावं आणि आधीच एका सुनेचं कौतुक सुरू करावं, तशी गत!

निकाल लागला. ‘हो’ ५८ टक्के, ‘नाही’ ४२ टक्के. मतदानाला आले मात्र शंभरातले जेमतेम चौतीस. पुढे निकालाला न्यायालयात आव्हान दिलं गेलं, ते फेटाळलं गेलं आणि २०१५ मध्ये दुरुस्ती अमलात आली. २०१७ च्या कायद्यानं विवाहित आईबापांच्या मुलांनाही दत्तक जाण्याची वाट मोकळी झाली. त्याआधी, आईबापांनी कायमची पाठ फिरवली आहे हे सिद्ध झाल्याशिवाय, अशी मुलं वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या घरी राहूनही कागदोपत्री त्या घरची होऊ शकत नव्हती.

घटनेतल्या चार ओळींनी लेकराच्या अंगावरचे वळ जात नाहीत, हे खरं. दार वाजवणारा माणूस समंजस हवा, आणि मूल नेऊन ठेवायची जागा त्याच्या घरापेक्षा बरी हवी. ‘नाही’ म्हणणाऱ्यांचा हा आग्रह ‘हो’ म्हणणाऱ्यांनीही गाठीला बांधून ठेवावा असाच आहे. पण कोर्टात सगळ्यांचे वकील असताना लेकराच्या वतीनं कुणीच नसावं, हे मात्र मनाला पटत नाही.

तुम्ही असता तर काय मत दिलं असतं? दुपारची कामं उरकली की घरातल्या सासूबाईंना, जावेला, मोठ्या लेकीला विचारून बघा. एकाच घरात चार उत्तरं निघतील, आणि निघावीतच.