व्यसन सुटलं, पण बाईनं राहायचं कुठं?

पुणे : गडी माणूस दारू सोडून आला की गावात त्याचं कौतुक होतं. बाई उपचार घेऊन आली तर पहिला प्रश्न, "म्हणजे ही प्यायची?" सासरचं दार बंद, माहेरी भाऊ-भावजय नको म्हणतात. मग उरतो एसटी स्टँड, नाहीतर जुनीच संगत. म्हणून बाईच्या बाबतीत औषधाइतकीच गरज छपराची असते.

पुण्यात काय सोय?
येरवड्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथं महिलांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. वेगळा का? मारहाण, झोपेच्या गोळ्यांची सवय, लेकरांची काळजी, हे बायका पुरुषांसमोर बोलत नाहीत.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के, तर बायका १.६ टक्के निघाल्या. आकडा लहान म्हणून सोयीही कमी. पण देशाची लोकसंख्या बघता १.६ टक्के म्हणजे थोड्या बायका नव्हेत.

उपचारानंतरचं घर
अंगातली दारू काही दिवसांत उतरते, तलफ मात्र महिनोन् महिने येते. मोकळा हात, रिकामा दिवस आणि डोक्यावर छप्पर नाही, अशात पाय घसरतो. यासाठी 'हाफवे होम' असतं, म्हणजे दवाखाना आणि घर यांच्या मधला मुक्काम. मोजक्या बायका, सोबत एक जाणती ताई, मिळून स्वयंपाक, वेळेवर गोळ्या, गटात बोलणं, पुढं काम आणि चार पैसे गाठीला.

कायदा काय म्हणतो?
२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळं होणारा मानसिक त्रासही धरलाय. घरचे घेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणानं कुणाला दवाखान्यात डांबून ठेवता येत नाही. हाफवे होमसारखी सोय करणं सरकारचं काम आहे. आईचा उपचार चालू असताना तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून तोडायचं नाही, हेही कायद्यातच आहे.

कुठं विचारायचं?
व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक त्रासासाठी १४४१६, महिला हेल्पलाइन १८१. निराधार महिलेसाठी शक्ती सदन (पूर्वीचं स्वाधार गृह) ही सरकारी योजना आहे. व्यसनाचं आधीच स्पष्ट सांगा, लपवू नका.

एक लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्या बाईची दारू घरीच एकदम बंद करू नका. झटके येऊन जीवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर.

आणि डिस्चार्ज झाल्यावर ती कुठं राहणार, हे दाखल करतानाच ठरवा. नाहीतर सुटलेली बाटली स्टँडवर तिची वाट बघत असते.