डब्लिन सोडून डब्लिन गाणारे

सूर आणि शहर : लेखांक सहावा

गेल्या लेखांकात लिमरिकच्या ‘द क्रॅनबेरीज’ची कहाणी आली होती. डोलोरेस ओ’रिऑर्डनने आपला गावाकडचा हेल लपवला नाही, आणि नव्वदच्या दशकात तो हेल जगभरच्या रेडिओवर वाजला. त्यानंतर जवळपास पाव शतकाने डब्लिनमधल्या पाच तरुणांनी तीच वाट धरली. त्यांनी हेलाबरोबर शहरातले पब, बाजार, टॅक्सीवाले आणि बदलत चाललेल्या वस्त्याही गाण्यात आणल्या. या बँडचं नाव फॉन्टेन्स डी.सी.

नावापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण ‘डी.सी.’ पाहून अनेकांना अमेरिकेची राजधानी आठवते. ‘गॉडफादर’ सिनेमात जॉनी फॉन्टेन नावाचा एक गायक आहे. लग्नाच्या प्रसंगात तो गातो आणि मग डॉन कॉर्लिओनेपुढे रडगाणं गातो. त्याच्यावरून आधी ‘द फॉन्टेन्स’ हे नाव ठरलं. पण लॉस एंजेलिसमध्ये त्याच नावाचा एक बँड आधीपासून होता. मग या मंडळींनी ‘डब्लिन सिटी’ची आद्याक्षरं मागे जोडली. शहराचा पत्ता असा नावातच येऊन बसला.

गंमत म्हणजे डब्लिनचा शिक्का मिरवणाऱ्या या पाचजणांपैकी अस्सल शहरातला म्हणावा असा कोणीच नाही. गायक ग्रीअन चॅटनचा जन्म इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेसचा आणि बालपण स्केरीज या डब्लिन परगण्यातल्या किनाऱ्यावरच्या गावातलं. बास वाजवणारा कॉनर डीगन आणि ड्रमर टॉम कॉल हे पश्चिमेकडच्या मेयो परगण्यातून आलेले. गिटारवादक कॉनर कर्ली उत्तरेच्या सीमेलगतच्या मोनाहनचा, तर दुसरा गिटारवादक कार्लोस ओ’कॉनेल थेट माद्रिदमध्ये वाढलेला. शहरात जन्मलेल्याला जे रोजचं म्हणून दिसतही नाही, ते बाहेरून आलेला डोळे भरून पाहतो. या बँडच्या सुरुवातीच्या गाण्यांतली डब्लिनची ओढ ही अशी नव्याने आलेल्यांची ओढ आहे.

पाचजण भेटले ते डब्लिनच्या लिबर्टीज भागातल्या आधुनिक संगीताच्या महाविद्यालयात. लिबर्टीज ही जुनी कामकरी वस्ती. एकेकाळी इथे विणकर राहत, आणि गिनेसची प्रसिद्ध ब्रुअरी आजही याच भागात आहे. महाविद्यालयाच्या रस्त्यावरच, फ्रान्सिस स्ट्रीटवर, ‘लिबर्टी बेल’ नावाचा पब आहे. २०१७ साली बँडने स्वतःच्या बळावर जे पहिलं गाणं बाजारात आणलं, त्याचं नावही ‘लिबर्टी बेल’.

पण गाण्यांच्या आधी कविता होत्या. एकमेकांची ओळख पक्की झाली ती गिटारवर जितकी, तितकीच पबमध्ये बसून कविता वाचण्या-लिहिण्यात. त्यांनी कवितांच्या दोन पुस्तिका काढल्या. ‘व्रूम’ ही केरुआक, गिन्सबर्ग या अमेरिकन बीट लेखकांच्या प्रभावातली, आणि ‘वाइंडिंग’ ही येट्स, पॅट्रिक कॅव्हना अशा आयरिश कवींच्या सावलीतली. मराठी वाचकाला इथे साठच्या दशकातली मुंबईची लघुनियतकालिकं आठवतील. तीही अशीच पदरमोड करून, हातोहात वाटण्यासाठी काढलेली असत. शिवाय दोन्हीकडे गिन्सबर्ग हा समान दुवा आहे. १९६२मध्ये तो मुंबईत येऊन गेला होता, आणि तिथल्या कवींच्या त्या पिढीत बीट कवींविषयी मोठं कुतूहल होतं.

कवितेचा हा वारसा गाण्याच्या घडणीत थेट उतरला. फॉन्टेन्सचं सुरुवातीचं संगीत ‘पोस्ट-पंक’ या प्रवाहातलं. त्यात बास आणि ड्रम गाणं पुढे ढकलतात, दोन गिटारी एकच सूर घासून घासून भिंत उभी करतात, आणि गायक त्या भिंतीवर आपटल्यासारखे शब्द फेकतो. चॅटन बऱ्याचदा गाण्यापेक्षा बोलतोच जास्त. एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याचा अर्थ बदलायला लागतो. आणि बोलतो तो डब्लिनच्या उच्चारात. इंग्रजी रॉकमध्ये अमेरिकन वळणाने गाणं हा इतका सवयीचा भाग आहे की ते न करणं हेच ठळक उठून दिसतं.

‘बॉइज इन द बेटर लँड’ हे २०१८मधलं गाणं याचा चांगला नमुना आहे. त्यात एक टॅक्सीवाला आहे. ब्रिटिशांवर खार खाऊन असलेला, आणि सिगारेटसुद्धा आयरिश ब्रँडचीच ओढणारा. गाणं त्याची टर उडवत नाही आणि त्याला डोक्यावरही घेत नाही. डब्लिनमध्ये टॅक्सीत बसल्यावर जे ऐकू येतं, ते ठेक्यात बसवतं. हे गाणं रेडिओवर आणि छोट्या सभागृहांत पसरत गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘पार्टिझन रेकॉर्ड्स’ने बँडशी करार केला.

इथे ‘इंडी’ या शब्दामागचा व्यवहार पाहायला हवा. संगीताच्या जागतिक बाजारावर युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन कंपन्यांची पकड आहे. त्यांच्या बाहेर राहून काम करणाऱ्या कंपन्या त्या इंडी, म्हणजे स्वतंत्र. ब्रुकलिनमधून चालणारी पार्टिझन अशीच एक. ब्रिस्टलचा ‘आयडल्स’ हा गाजलेला बँडही तिच्याकडेच होता. स्वतंत्र कंपनीकडे जाहिरातीला बक्कळ पैसा नसतो. त्यामुळे तिच्या बँडला वर चढायचं तर ठरावीक पायऱ्या चढाव्या लागतात : रेकॉर्डची छोटी दुकानं, बीबीसीच्या ‘सिक्स म्युझिक’सारखी चोखंदळ रेडिओ केंद्रं, समीक्षकांच्या वार्षिक याद्या, मानाच्या पुरस्कारांची नामांकनं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे न थकता केलेले दौरे. फॉन्टेन्सने यातली एकही पायरी गाळली नाही.

पहिला अल्बम ‘डॉगरल’ १२ एप्रिल २०१९ला आला. निर्माता डॅन कॅरी याने दक्षिण लंडनमधल्या आपल्या स्टुडिओत पाचही जणांना एकत्र उभं करून, प्रत्यक्ष कार्यक्रमासारखं वाजवून घेतलं. एकेक वाद्य वेगळं ध्वनिमुद्रित करून मागाहून घासूनपुसून जोडण्याची रीत त्याने बाजूला ठेवली. म्हणून या अल्बमला पबमधल्या कार्यक्रमाचा घाम आहे. पहिलंच गाणं ‘बिग’ दोन मिनिटांच्या आत संपतं. त्याच्या व्हिडिओत एक शाळकरी मुलगा मूर स्ट्रीटच्या बाजारातून कॅमेऱ्याकडे पाहत चालत येतो. हा भाजीफळांचा जुना बाजार, आणि ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या ईस्टर उठावाच्या अखेरच्या घडामोडीही इथल्याच. अल्बम ब्रिटनच्या खपाच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेला, मर्क्युरी पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचला, आणि ‘रफ ट्रेड’ या प्रसिद्ध रेकॉर्ड दुकानाने तो वर्षातला सर्वोत्तम ठरवला.

मग दौरे सुरू झाले, आणि त्यांनी बँडला पार पिळून काढलं. २०१९च्या उन्हाळ्यात प्रकृतीच्या कारणाने काही कार्यक्रम रद्द करावे लागले. ज्या शहराच्या बळावर गाणी सुचली, ते शहर आता विमानाच्या खिडकीतून दिसत होतं.

दुसऱ्या अल्बमचं सगळं मूळ या थकव्यात आहे. लॉस एंजेलिसमध्ये केलेलं ध्वनिमुद्रण मनासारखं उतरलं नाही. ते बाजूला सारून बँड पुन्हा लंडनला डॅन कॅरीकडे गेला. जुलै २०२०मध्ये आलेला ‘अ हिरोज डेथ’ संथ, धूसर आणि आत वळलेला आहे. ‘डॉगरल’ची दुसरी आवृत्ती हवी असलेल्या चाहत्यांची त्याने निराशा केली, पण बँडने स्वतःची नक्कल करण्याचा धोका टाळला. मुखपृष्ठावर डब्लिनच्या मुख्य टपाल कार्यालयातला पुतळा आहे : पुराणकथेतला वीर कू हुलिन, मरणाच्या दारातही खांबाला स्वतःला बांधून उभा राहिलेला. ब्रिटनच्या यादीत हा अल्बम दुसरा आला. पहिल्या क्रमांकावर होता टेलर स्विफ्टचा ‘फोकलोर’. उत्तम रॉक अल्बमसाठी ग्रॅमीचं नामांकनही मिळालं.

याच सुमारास बँडमधली मंडळी लंडनला राहायला गेली. डब्लिनमधली घरभाडी तोवर तरुण कलावंतांच्या आवाक्याबाहेर गेली होती. गोदीच्या परिसरात गूगल, फेसबुकसारख्या कंपन्यांची युरोपीय कार्यालयं उभी राहिली आणि शहराच्या मध्यभागाचे भाव चढत गेले. कलावंतांची ओढाताण इतकी वाढली की आयर्लंड सरकारने २०२२मध्ये २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो मूलभूत उत्पन्न देणारी प्रायोगिक योजना सुरू केली.

एप्रिल २०२२चा ‘स्किंटी फिया’ हा या स्थलांतराचा अल्बम आहे, आणि बँडचं सर्वात भरीव कामही तेच. आता डब्लिन समोर नाही. आयरिश असणं मात्र लंडनच्या रस्त्यावर पावलोपावली जाणवतं. सुरुवातीच्या गाण्याचा विषय एक थडगं आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीजवळ एका आयरिश स्त्रीच्या कुटुंबाला तिच्या दगडावर ‘आमच्या हृदयात सदैव’ अशा अर्थाची आयरिश ओळ कोरायची होती. २०२०मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या न्यायालयाने इंग्रजी भाषांतराशिवाय परवानगी नाकारली. ती ओळ कोणाला राजकीय घोषणा वाटेल, असं कारण दिलं. पुढच्या वर्षी अपिलात हा निर्णय फिरला. फॉन्टेन्सने तीच आयरिश ओळ गाण्याचं नाव म्हणून घेतली आणि सामूहिक प्रार्थनेसारखे आवाज तिच्याखाली पसरले.

याच अल्बममधलं ‘आय लव्ह यू’ नावावरून प्रेमगीत वाटतं. ते प्रेम देशावरचं आहे आणि संतापाने भरलेलं आहे. फिन गेल आणि फिअना फॉइल हे आलटून पालटून सत्ता भोगलेले दोन पक्ष, आणि अविवाहित मातांच्या आश्रमांत मेलेल्या मुलांची जखम, दोन्हींचा हिशोब चॅटन एका दमात मांडतो. त्याच्या दोन गाणी आधी फक्त एक अकॉर्डियन आणि एक आवाज एवढ्यावर उभं असलेलं गाणं येतं. ‘स्किंटी फिया’ ब्रिटन आणि आयर्लंड दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. ज्या अल्बममध्ये इंग्लंडमध्ये परकं असण्याचं दुःख आहे, तोच इंग्लंडने सर्वाधिक विकत घेतला! २०२३च्या ब्रिट पुरस्कारांत बँड सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय समूह ठरला. त्याच वर्षी ‘आर्क्टिक मंकीज’ या बड्या बँडच्या अमेरिका दौऱ्यात फॉन्टेन्सने मोठमोठ्या मैदानांवर पूर्वार्ध वाजवला. आधीच्या रांगड्या कपड्यांच्या, मान खाली घालून वाजवणाऱ्या मुलांना भव्य मंचाची सवय होत गेली.

ऑगस्ट २०२४च्या ‘रोमान्स’मध्ये त्यामुळे सगळंच बदललं. पार्टिझनऐवजी एक्सएल रेकॉर्डिंग्ज, डॅन कॅरीऐवजी आर्क्टिक मंकीजचा निर्माता जेम्स फोर्ड, करड्या रंगांऐवजी झगझगीत हिरवा आणि गुलाबी. अडेलसारख्या गायिकेला पुढे आणणारी एक्सएलसुद्धा स्वतंत्र कंपनीच आहे. म्हणजे एवढं मोठं होऊनही बँडने तीन बड्या कंपन्यांचा उंबरठा ओलांडला नाही. ‘स्टारबर्स्टर’ हे गाणं लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावर चॅटनला आलेल्या भीतीच्या झटक्यातून सुचलं. गाण्यात ओळींच्या मध्ये तो धाप लागल्यासारखा श्वास आत ओढतो, आणि तो श्वासच ठेक्याचा भाग होतो. डब्लिनचा उल्लेख जवळपास नाहीसा झाला, उच्चार मात्र तसाच राहिला. या अल्बमने पुन्हा ग्रॅमीची दोन नामांकनं मिळवली. जुन्या चाहत्यांपैकी काहींना हा चकचकाट खुपला. त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे : ‘रोमान्स’मधली काही गाणी कुठल्याही मोठ्या शहरातून आली असती.

तरी एकूण हिशोब बँडच्या बाजूने झुकतो. २०२२च्या जनगणनेत ज्या देशाची लोकसंख्या ५१ लाखांच्या थोडी वर होती, तिथल्या एका महाविद्यालयात भेटलेल्या पाचजणांनी सव्वापाच वर्षांत चार अल्बम काढले, आणि चारही एकमेकांपासून वेगळे. ५ जुलै २०२५ला लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये सुमारे ४५ हजार लोक त्यांना ऐकायला जमले होते. नव्याने ऐकणाऱ्यांनी ‘डॉगरल’पासून सुरुवात करावी आणि थेट ‘स्किंटी फिया’वर यावं, मधली वाट मग आपोआप उलगडते. त्या फिन्सबरी पार्कच्या मंचावर त्यांच्या आधी बेलफास्टच्या ‘नीकॅप’ या आयरिश भाषेत रॅप करणाऱ्या त्रिकुटानेही हजेरी लावली होती. पुढच्या आठवड्यातला लेखांक त्यांच्यावर.