निकाली न निघालेली फिर्याद

तोक्यो महानगराच्या पूर्व टोकाला वसलेल्या एदोगावा या प्रभागाचे नाव आपल्याकडे कोणी ऐकले असेलच तर ते निशिकासाईमुळे. कारण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत भारतातून गेलेल्या संगणक अभियंत्यांनी तेथे बिऱ्हाडे थाटली, त्यांत मराठी कुटुंबेही आली, आणि २०१९ साली महाराष्ट्रात जन्मलेले योगेंद्र पुराणिक याच प्रभागाच्या सभेवर लोकमताने निवडून गेले. परंतु मला जी हकीकत सांगावयाची आहे तिची वाट प्रभागाच्या पश्चिम अंगाला असलेल्या हिराई स्थानकावरून निघते. तेथे पिवळ्या पट्ट्याच्या सोबू गाडीत बसावे, कामेइदो आणि किन्शिचो मागे टाकावे, आणि तिसऱ्या स्थानकावर, म्हणजे ऱ्योगोकूला, उतरावे. समोरच सुमो कुस्तीचे राजपीठ असलेले कोकुगिकान उभे आहे.

हिराईला ज्यांच्या दुकानात मी केस कापून घेतो ते गृहस्थ सत्तरी ओलांडलेले आहेत आणि बोलण्यापेक्षा ऐकण्यात त्यांना अधिक गोडी आहे. मी कोल्हापूरकडचा, आणि आमच्याकडे शाहू महाराजांनी उभारलेल्या व १९१२ साली खुल्या झालेल्या खासबागेच्या मैदानात हजारो माणसे कुस्ती पाहावयास जमतात, असे मी एकदा सांगितले, तेव्हा त्यांनी आरशाखालचा खण उघडून जुन्या तिकिटाचा उरलेला अर्धा तुकडा काढला आणि तो टॉवेलवर हलक्या हाताने पसरला. तारीख होती २७ डिसेंबर १९८७, जागा कोकुगिकान. माझ्या प्रश्नार्थक मुद्रेकडे पाहून ते एकच शब्द बोलले, "शोप्पाई."

या शब्दाचा सरळ अर्थ खारट. सुमोच्या रिंगणात लढतीपूर्वी मीठ उधळतात. जो पडतो त्याच्या तोंडात खारी माती जाते, म्हणून कच्च्या मल्लाला खारट म्हणू लागले, असे त्याचे मूळ सांगतात. तेथून तो व्यावसायिक कुस्तीत, म्हणजे जपानी लोक जिला 'पुरोरेसु' म्हणतात त्या खेळात आला, आणि ज्या लढतीने प्रेक्षकाची घोर निराशा केली ती लढतही खारट ठरू लागली. आमच्या तालमीतल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालतात. तिची चव निराळी आणि वासही निराळा. परंतु फसलेल्या फडावरून घरी परतताना जिभेवर जे रेंगाळते ते तेथे आणि येथे एकच असले पाहिजे, असे मला त्या क्षणी वाटले.

पुरोरेसु म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. या खेळातला निकाल आधी ठरलेला असतो. आपल्याकडे ज्या कुस्तीत दोघे मल्ल आधीच संगनमत करतात तिला नुरा कुस्ती म्हणून हिणवतात आणि ती उघडकीस आली तर पैलवानाची इभ्रत जाते. पुरोरेसुत मात्र ठरवून लढणे हाच कलेचा पाया असून पडणे, झेलणे, वेदना प्रत्ययास आणणे आणि सहस्रावधी लोकांचा श्वास एका क्षणी रोखून धरणे यांतच मल्लाचे कौशल्य पणाला लागते. मग तक्रार कशाची करावयाची, असा प्रश्न विचारणारे विचारतात. निकालच ठरलेला, तर फसवणूक ती कसली? या प्रश्नाचे उत्तर त्या अर्ध्या तिकिटात आहे, आणि त्या रात्रीची हकीकत सांगितल्याखेरीज ते उलगडणार नाही.

त्या वर्षी न्यू जपान प्रो-रेसलिंग या संस्थेची स्थिती डळमळीत झाली होती. तिचे संस्थापक आंतोनिओ इनोकी यांच्या लढती वर्षानुवर्षे शुक्रवारी रात्री आठ वाजता आसाही दूरदर्शनवरून प्रक्षेपित होत. ती मानाची वेळ १९८६ साली हातची गेली होती. नोव्हेंबरात अकिरा माएदा या मल्लाने भर लढतीत रिकी चोशूच्या तोंडावर खरोखरीची लाथ मारली, त्यामुळे माएदा निलंबित झाले. अशा वेळी वर्षअखेरीच्या मोठ्या खेळासाठी जी जोड जाहीर झाली ती इनोकी विरुद्ध चोशू. चोशू दोन-अडीच वर्षे प्रतिस्पर्धी संस्थेकडे जाऊन परतले होते, आणि गुरूसमान इनोकींशी त्यांचा हिशेब चुकता व्हावा यासाठी लोकांनी मनाची किती तयारी केली होती हे समजण्यास फार कल्पनाशक्ती नको. सुमारे अकरा हजार माणसांनी कोकुगिकान भरले.

आणि मग आले बीट ताकेशी. पुढे १९९७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह पटकावणारे दिग्दर्शक म्हणून जगाने ज्यांना ओळखले, ते त्या काळी विनोदी नट म्हणून दूरदर्शन गाजवीत होते. विनोदाच्या आधाराने कुस्तीचा ओसरता प्रेक्षक परत मिळेल अशा हिशेबाने त्यांच्या नावाचे एक पथक उभे करण्यात आले होते. त्या पथकाने लोखंडी शिरस्त्राण घातलेला एक महाकाय अमेरिकन मल्ल पुढे केला, त्याचे नाव बिग व्हॅन व्हेडर, आणि इनोकींनी चोशूशी न लढता याच्याशी लढावे असे आव्हान दिले. इनोकींनी ते जागच्या जागी स्वीकारले. जाहीर झालेली जोड अकरा हजार माणसांच्या डोळ्यांदेखत रद्द झाली.

प्रथम चोशू यांना एका जोडीच्या लढतीत ढकलण्यात आले; लोकांनी रिंगणात हाताला येईल ते फेकण्यास आणि "यामेरो", म्हणजे "बंद करा", असे ओरडण्यास प्रारंभ केला. तेव्हा घाईघाईने इनोकी-चोशू लढत लावण्यात आली, परंतु ती सहा मिनिटांच्या थोडे पुढे जाते न जाते तोच तिसऱ्याने मध्ये पडून ती मोडली आणि चोशू बाद ठरले. लागलीच व्हेडर आत आला आणि त्याने तीन मिनिटे पुरी होण्याआधी इनोकींना चीत केले. ज्या पुरुषाला जपानने अजिंक्य मानले होते तो अशा रीतीने पडला, आणि जी कुस्ती पाहण्यासाठी लोक आले होते ती निकाली झालीच नाही.

येथे कोकुगिकानच्या आसनव्यवस्थेकडे थोडे बारकाईने पाहावे. खालच्या मजल्यावर खुर्च्या नाहीत. सुमारे सव्वा मीटर लांबी-रुंदीचे, लोखंडी नळ्यांच्या बुटक्या कठड्यांनी आखलेले चौक आहेत. एका चौकात चार माणसे पादत्राणे काढून, चार चौकोनी गाद्यांवर मांडी घालून बसतात. शेजाऱ्याचा गुडघा आपल्या गुडघ्याला लागतो, कोंबडीच्या मांसाच्या काड्या तळघरातल्या भटारखान्यातून भाजून येतात, आणि सुमोचे मातीचे रिंगण यंत्राने जमिनीखाली उतरवले की त्याच जागी दोरांचे रिंगण उभे राहते. सुमोच्या दिवसांत एखाद्या हलक्या दर्जाच्या मल्लाने योकोझुनाला, म्हणजे सर्वश्रेष्ठ मल्लाला, पाडले तर लोक या गाद्या हवेत भिरकावतात. पाहावयास मिळाले नसते ते पाहावयास मिळाले, या आनंदाची ती खूण होय. त्या डिसेंबरात त्याच घरात त्याच गाद्या उडाल्या, परंतु आनंदासाठी नव्हेत. चौकांची मोडतोड झाली, लोक घरी जाईनात, खुद्द इनोकी बाहेर येऊन बोलले तरी शांतता झाली नाही. आणि इमारतीची मालक असलेल्या सुमो संघटनेने न्यू जपानला तेथे खेळ करण्यास मनाई केली, ती १९८९ पर्यंत उठली नाही.

लोकांची फिर्याद निकाल ठरलेला होता ही नव्हती; ते त्यांना ठाऊक होते किंवा ठाऊक असूनही त्याकडे डोळेझाक करण्यास ते राजी होते. फिर्याद करारभंगाची होती. जाहिरातीवर जी जोड छापली, जिच्या नावावर पैसे घेतले, ती जोड द्या. ती कोणी जिंकावी हे तुम्ही ठरवा, पण ती लागली पाहिजे आणि तिचा निकाल लागला पाहिजे. निकाल न लागता मोडलेल्या लढतीला जपानी रसिकांत एक पारिभाषिक शब्दच आहे, त्याचा अर्थ 'अपारदर्शक निकाल'. कोणी मध्ये पडले, दोघेही दोराबाहेर गेले, पंचाने हात झटकले, अशा रीतीने मोडलेली लढत ती अपारदर्शक. आमच्या फडावरचा 'निकाली कुस्ती' हा शब्द याच्या नेमका उलट टोकाला उभा आहे. मला माझ्या लहानपणची एक जत्रा आठवते: हस्तपत्रकावर ज्या पैलवानाचे नाव सर्वांत मोठ्या टायपात होते तो आलाच नाही, ऐनवेळी दुसरीच जोड उभी केली, ती अर्धा तास नुसती एकमेकांच्या मानेला मान लावून झुलत राहिली आणि शेवटी बरोबरीत सोडवण्यात आली. माझे चुलते, जे आयुष्यात कोणावर ओरडल्याचे मला आठवत नाही, ते उभे राहून "निकाल लावा" म्हणून ओरडले. तो त्यांचा सूर मी हिराईच्या त्या दुकानात पुन्हा ऐकला.

इनोकींच्या बाबतीत हा काही पहिला प्रसंग नव्हता. १९८४ च्या जूनमध्ये हल्क होगनबरोबरच्या लढतीत चोशू मध्ये पडल्याने कुरामाए येथील जुन्या कोकुगिकानात लोक खवळले होते. १९८७ च्याच मार्चमध्ये ओसाकात समुद्री चाच्याचा वेष केलेला एक इसम रिंगणात शिरल्यावर तेच घडले. त्याआधीही, २२ डिसेंबर १९५४ रोजी, पुरोरेसुचे आद्य पुरुष रिकिदोझान यांनी जुदोचे थोर मल्ल मासाहिको किमुरा यांना कुरामाएच्याच रिंगणात अचानक बेशुद्ध होईतो मारले, तेव्हा ठरले होते ते बरोबरीचे, असे किमुरा यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. म्हणजे या खेळाच्या दप्तरात पहिल्याच पानापासून मोडलेल्या वचनांची नोंद आहे, आणि जे जुने रसिक ती नोंद जपून ठेवतात त्यांना मी किरकिरे म्हणणार नाही. अमेरिकेत घरबसल्या एकेका खेळाचे स्वतंत्र पैसे भरून दूरदर्शनवर तो पाहण्याची प्रथा रुजली, तेव्हा हीच फिर्याद दिवाणखान्यात आली. ३ डिसेंबर २००६ रोजी ऑगस्टा येथे झालेल्या 'डिसेंबर टू डिस्मेंबर' या खेळाच्या अवघ्या दोनच लढती आधी जाहीर झाल्या होत्या, बाकीच्या ऐनवेळी भरल्या, आणि नेहमीच्या वेळेच्या बऱ्याच आधी तो आटोपला. आजही तेथील रसिक वाईट खेळांची याद काढू लागले की हे नाव हमखास निघते.

मागे वळून पाहण्याने जुने निवाडे कधी कधी फिरतातही, आणि ते फिरावेत हे न्याय्यच आहे. निशिकासाईहून तोझाई गाडीने कुदानशिताला गेले की बुदोकान लागते. तेथे २६ जून १९७६ रोजी इनोकी मुष्टियोद्धा मुहम्मद अलीशी पंधरा फेऱ्या लढले. बहुतेक वेळ ते जमिनीवर पाठ टेकून अलीच्या पायांवर लाथा मारीत राहिले, लढत बरोबरीत सुटली, आणि लोकांनी पैसे परत मागत रिंगणात कचरा फेकला. शतकातली सर्वांत सामान्य लढत म्हणून ती हिणवली गेली. परंतु पुढे निरनिराळ्या युद्धकलांचे मल्ल एकाच रिंगणात उतरू लागले, तेव्हा जाणत्यांनी तीच लढत पुन्हा पाहिली. इनोकींवर घातलेल्या निर्बंधांमुळे त्यांना उभ्याने लढण्यास वाव थोडाच होता हे ध्यानात आले, लाथांनी अलीचे पाय सुजून त्यांना रुग्णालयात जावे लागले होते हे आठवले, आणि कंटाळवाणी भासलेली लढत अस्सल होती म्हणूनच कंटाळवाणी होती असा निवाडा झाला. मला हा निवाडा मान्य आहे. तेथे जी जोड जाहीर झाली तीच लागली. निकाल लागला नाही, परंतु दोघेही तो लावण्यासाठी खरोखर झटत होते.

१९८७ च्या त्या रात्रीलाही अशीच माफी द्यावी असे म्हणणारे आहेत, कारण तिच्यातून व्हेडर जन्मास आला. एप्रिल १९८९ मध्ये तोक्यो डोममध्ये न्यू जपानचे सर्वोच्च विजेतेपद त्याने जिंकले, आणि इतक्या प्रचंड देहाचा इतका चपळ मल्ल या खेळात क्वचितच झाला. हे सारे खरे आहे. तरी ही माफी मला मंजूर नाही. व्हेडरला आणावयाचे होते तर जानेवारीत आणता आले असते, त्याच्यासाठी चोशूच्या जोडीचा बळी देण्याची गरज नव्हती. १९८७ च्याच ३१ ऑगस्टला बुदोकानमध्ये जायंट बाबा यांच्या प्रतिस्पर्धी संस्थेने त्सुरुता-तेनर्यू ही जाहीर केलेली जोड जाहीर केल्याप्रमाणे लावली. पुढे बाबांनी तर मोडत्या लढती हळूहळू बंदच केल्या, मोठी लढत रिंगणात चीत करूनच संपेल असा दंडक घातला, आणि नव्वदच्या दशकात बुदोकान वारंवार भरू लागले. कोकुगिकानच्या मोडक्या चौकांनी शिकवलेला धडा खऱ्या अर्थाने वाचला तो त्यांनी. न्यू जपानमध्ये ९ ऑक्टोबर २००४ रोजी त्याच कोकुगिकानात विजेतेपदाची लढत अवघ्या अडीच मिनिटांत उरकली, तेव्हा पैसे परत मागणारा तोच जुना आवाज पुन्हा उठला.

माझ्या केशकर्तनकार स्नेह्यांना मी हे सारे विचारले. व्हेडर २०१८ च्या जूनमध्ये वारला त्या दिवशी आपण दुकान तासभर आधी बंद केले, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात इनोकी गेले तेव्हा दोन दिवस काही सुचले नाही, असे ते म्हणाले. मग हा तुकडा कशाला ठेवला, असे मी विचारले. त्या रात्री आपण गादी फेकली नाही, ती मांडीवर घट्ट धरून शेवटपर्यंत बसून राहिलो, कारण कदाचित चोशू परत येतील आणि लढत पुरी होईल असे वाटत होते, असे त्यांनी सांगितले. दिवे गेल्यावर ते चालत हिराईला आले. तिकिटाची घडी पूर्वीच्याच खुणेवर घालून त्यांनी ते खणात ठेवले, माझ्या मानेवरचे केस झटकले आणि आरसा मागे धरला.