श्रम आणि माध्यमिक शिक्षण : सातारा-सांगली परिसर

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले (ता. कराड) येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. 'कमवा आणि शिका' या तत्त्वानुसार विद्यार्थी शेतीसारखी कामे करून शिकत. आज सांगली जिल्ह्यात असलेले वाळवा, तासगाव हे तालुके त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होते.

या परंपरेत श्रम हा स्वतंत्र विषय नव्हता. गरीब विद्यार्थ्याला शिक्षण परवडण्याचे ते साधन होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरविरहित दिवस व स्थानिक कारागिरांकडील अनुभव सुचविला आहे. येथे श्रम हा अध्ययनानुभव ठरतो. हा अनुभव उपयुक्तच आहे; तथापि शुल्काअभावी अडलेल्या विद्यार्थ्यास त्यातून आधार मिळतो काय, हीच व्यवसाय शिक्षणाची खरी कसोटी होय.