कॅसेटच्या फितीवरील लोहचूर्ण

आर्वीसारख्या विदर्भातील गावांत १९८० च्या दशकात भजन-कीर्तनाच्या कॅसेट घरोघरी पोहोचल्या. त्यांतील तपकिरी फीत म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर चिकटद्रव्यात मिसळून पसरलेला लोह-ऑक्साइडच्या चूर्णाचा थर होय. १९२८ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी कागदी पट्टीवर असे चूर्ण चढवून या तंत्राचा पाया घातला.

खरे कौशल्य कणांच्या आकारात आहे. फितीत वापरल्या जाणाऱ्या गॅमा फेरिक ऑक्साइड या लोह-ऑक्साइडचा कण सुईसारखा असून त्याची लांबी साधारणतः अर्ध्या मायक्रॉनच्या आत, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाहून कमी असते. लांबट कणाचे चुंबकत्व लांबीच्या दिशेने स्थिरावते व सहजासहजी उलटत नाही, म्हणून ध्वनीची नोंद टिकते. मात्र कण फार मोठे असल्यास खरखर वाढते, आणि अतिसूक्ष्म असल्यास उष्णतेनेच चुंबकत्व डळमळते. हे कण करताना प्रथम गोएथाइट या जलयुक्त लोह-ऑक्साइडच्या सुया वाढवतात, तापवून त्यांतील पाणी घालवतात, हायड्रोजनने त्यांचे मॅग्नेटाइट करतात आणि शेवटी सुमारे २५० अंश सेल्सिअसला हवेत जपून ऑक्सिडीकरण करतात. या सर्व अवस्थांत सुईचा आकार टिकवणे हीच खरी कसोटी असते.

पुढे क्रोमियम डायऑक्साइड आले, आणि आज संगणकीय साठवणुकीच्या फितींत बेरियम फेराइटच्या षट्कोनी चकत्या वापरतात. ओलाव्याने फितीतील चिकटद्रव्य खराब होते आणि उष्णतेने फीत विकृत होऊ शकते. म्हणून ज्यांच्या घरी जुन्या कॅसेट असतील त्यांनी त्या कोरड्या, थंड जागी, चुंबकापासून दूर ठेवाव्यात आणि त्यांतील ध्वनी लवकर संगणकावर उतरवून घ्यावा.