साखरेची गोळी आणि मज्जातंतूंचे आवरण

साकीनाक्याला माझ्या दवाखान्यामागच्या गल्लीत मोटर रिवाइंडिंगचे गाळे आहेत. त्यांपैकी एका गाळ्याचे मालक गेल्या महिन्यात पत्नीला घेऊन आले. बाईंचे वय 36. चार वर्षांपूर्वी त्यांना एका डोळ्याने अंधुक दिसू लागले. ते बरे झाले, तर पुढे पायांना मुंग्या आणि चालताना तोल जाणे सुरू झाले. एमआरआय वगैरे होऊन निदान झाले, मल्टिपल स्क्लेरोसिस. त्याची औषधे चालू आहेत. त्या दिवशी मात्र बाईंनी पर्समधून मेटफॉर्मिनच्या गोळ्यांची पट्टी काढली. "डॉक्टर, ही सासूबाईंची साखरेची गोळी. हिने माझा आजार बरा होतो म्हणे. आठवडाभर घेतेय. चालेल ना?"

वाचकहो, ही निव्वळ अफवा नव्हे, म्हणूनच उत्तर देणे अवघड होते.

मी यजमानांना विचारले, "तांब्याच्या तारेवरचे वार्निश उडाले तर काय होते?" ते लगेच म्हणाले, "मोटर बसते." आपल्या मज्जातंतूंवरही मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून त्यावरच हल्ला करते. मग मेंदूचे संदेश रेंगाळतात किंवा वाटेतच अडतात. मोटर आणि माणूस यांत फरक एवढाच की, शरीर हे आवरण काही प्रमाणात स्वतःच पुन्हा चढवते. ते काम करणाऱ्या पेशींच्या मूळपेशी मेंदूत असतात. वय वाढते तशा त्या सुस्तावतात. आजची औषधे हल्ला थोपवतात; उडालेले आवरण चढवत नाहीत.

2019 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले की, म्हाताऱ्या उंदरांना एक दिवसाआड उपाशी ठेवले किंवा मेटफॉर्मिन दिले, तर या सुस्त पेशी पुन्हा कामाला लागतात. पुढे तिथेच 70 रुग्णांवर सहा महिने चाचणी झाली. मेटफॉर्मिनच्या जोडीला क्लेमास्टिन हे ॲलर्जीवरचे जुने औषध होते. 2025 मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाच्या वेगात औषध घेणारे इतरांपेक्षा किंचित सरस ठरले, फरक सुमारे एक मिलिसेकंदाचा. यंत्राने तो टिपला, पण रुग्णांना दिसण्यात किंवा चालण्यात काही सुधारणा जाणवली नाही. त्यातही दोन औषधे एकत्र होती, त्यामुळे श्रेय एकट्या मेटफॉर्मिनला देता येत नाही. हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारच्या रुग्णांसाठी ब्रिटनमध्ये 2023 साली 'ऑक्टोपस' नावाची मोठी चाचणी सुरू झाली, तिच्यात मेटफॉर्मिन आहे. अशा स्वस्त, पेटंट संपलेल्या गोळीवर पैसा घालायला कंपन्यांना फारसा रस नसतो. या दोन्ही चाचण्यांमागे तिथल्या रुग्णांच्या संस्थेचा पैसा आहे. आपल्याकडेही 1985 पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था आहे. नव्या रुग्णांना मी आवर्जून तिचे नाव सांगतो.

मग तोवर घेतली गोळी, तर बिघडले कुठे? मळमळ, जुलाब ही किरकोळ गोष्ट झाली. मूत्रपिंडे अधू असतील तर धोका मोठा. पण या रुग्णांच्या बाबतीत मला खरी भीती वाटते ती ब-12 जीवनसत्त्वाची. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यास ते शरीरात कमी शोषले जाते. आपल्या शाकाहारी घरांत ते मुळातच बेताचे. ते घटले की हातापायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणे! म्हणजे मूळ आजाराचीच लक्षणे. अशा वेळी आजार बळावला की गोळीने घोटाळा केला, हे डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही.

बाईंना गोळी थांबवायला सांगितले आणि ही गोष्ट त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या कानावर घालायलाही. सुरू असलेले औषध मात्र एक दिवसही चुकवू नका, असे बजावले. रक्त तपासले, ब-12 ठीक होते. त्या उठता उठता म्हणाल्या, "सासूबाई अकरा वर्षं ही गोळी घेतायत. त्यांचं कधी कुणी तपासलं नाही. पायांना मुंग्या येतात म्हणून सारखं तेल चोळून घेतात."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना बोलावले. त्यांचे ब-12 फारच कमी निघाले. सध्या त्यांना इंजेक्शने चालू आहेत.