फिरत्या पेट्या आणि संगणकातील ‘कंटेनर’

श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या कारकीर्दीत, १९१० नंतर, बडोदे संस्थानात अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांच्या देखरेखीखाली फिरती ग्रंथालये उभी राहिली. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या खेडोपाडी पाठविल्या जात. पेटी उघडली की वाचनालय तयार! परंतु कोणती पेटी कोठे आहे याची मध्यवर्ती नोंद ठेवल्याखेरीज अशी योजना चालत नाही.

संगणकातील ‘कंटेनर’ ही अशीच पेटी होय. आज्ञावली व तिला लागणारे सर्व साहित्य तीत एकत्र बांधलेले असते. २०१३ मध्ये आलेल्या ‘डॉकर’मुळे ही पद्धत रूढ झाली. पेट्या वाढल्या, की त्या अनेक संगणकांवर वाटून देणारी व्यवस्था लागते. २०१४ मध्ये गूगलने खुली केलेली ‘कुबरनेटीज’ ही त्यांपैकी सर्वाधिक प्रचलित. एखाद्या सेवेच्या तीन प्रती सदैव चालू असाव्यात, एवढे तिला लिहून द्यावयाचे. एक संगणक बंद पडला, तर त्यावरील प्रत ती दुसऱ्यावर नव्याने उभी करते. बडोद्याची हरवलेली पेटी अशी आपोआप परत येत नसे.

मात्र नवी पेटी कोरीच असते. दाखल्यांच्या वा गुणपत्रिकांच्या नोंदी जुन्या पेटीतच ठेवल्या असतील, तर त्या तिच्याबरोबर जातात. म्हणून त्या स्वतंत्र, कायम साठ्यात ठेवाव्यात आणि त्यांची प्रत अन्यत्र असावी.

एका संगणकावर भागणाऱ्या कार्यालयाने या खटाटोपात पडू नये. तेथे डॉकर पुरेसे आहे. कुबरनेटीजच्या वर्षाकाठी साधारण तीन आवृत्त्या निघतात आणि प्रत्येकीस सुमारे १४ महिनेच दुरुस्त्या मिळतात. हे काम नित्य पाहणारा जाणकार कर्मचारी नसेल, तर देखभालीसह मिळणारी सेवा घेणे इष्ट.